बरणीत नक्की कोणती वेल?

आठवडी बाजारातून अम्मीनं प्लॅस्टिकची बरणी आणली. वर छापलेलं एवढंच: ‘शुद्ध गिलोय पावडर’. बनवणाऱ्याचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, तारीख नाही. मी कुरकुरले तर म्हणाली, “अगं, आपल्या आचोळ्यात झाडाझाडांवर चढते ही वेल. तिला कसला परवाना?”

गिलोय म्हणजे गुळवेल. कोविडच्या दिवसांत तिचा काढा कितीजणींच्या घरी उकळला असेल! सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत डॉ. आभा नगरल आणि सहकाऱ्यांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सहाही जणांनी गुळवेल घेतली होती. २०२१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा आयुष मंत्रालयानं हरकत घेतली: घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची नीट खात्री केलेली नाही, तशीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यकृताला बाधू शकते.

म्हणजे सगळा वाद येऊन थांबला तो रुग्णाच्या पेल्यात कोणती वेल होती, यावर. आणि अम्मीच्या बरणीत?

ओल्या क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. वाळवून कुटल्यावर मात्र जाणकारही नुसतं बघून सांगू शकत नाही. सूक्ष्मदर्शक लागतो, क्रोमॅटोग्राफीनं घटक वेगळे करावे लागतात. प्रयोगशाळा जड धातूही मोजते. मर्यादा दहा लाख भागांत शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. नीट न वाळलेल्या मालात बुरशीचं विषही सापडू शकतं.

१९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आयुर्वेदिक आणि युनानी दोन्ही औषधांना लागू आहे. दुकानातल्या पॅकबंद माजूनवरही घटक, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख पाहिजे. अर्थात परवाना आहे म्हणून सरकारनं प्रत्येक डबी तपासली, असं नाही. बॅचची तपासणी उत्पादकानं करायची. अन्न व औषध प्रशासन बाजारातून नमुने उचलतं. तक्रार झाली तर बॅच क्रमांकावरूनच माग लागतो. (‘साइड इफेक्ट अजिबात नाही’ असं छापलेलं दिसलं की मला जास्तच शंका येते.)

अम्मीची शुगरची गोळी रोज चालू आहे. गिलोयचं डॉक्टरांना सांगायचंच राहिलं होतं. सांगितलं तेव्हा त्यांनी यकृताची रक्ततपासणी करायला लावली. रिपोर्ट ठीक आला, अल्हम्दुलिल्लाह.

बरणी अजून ओट्यावर आहे. साठ रुपये दिलेत, फेकू देत नाही. मी झाकणावर चिकटपट्टी लावून ठेवलीय.