चहाची हेरगिरी

व्यापारी गुपित म्हटलं की आज संगणकातली फाइल आठवते. 1848 साली असं एक गुपित चीनच्या डोंगरउतारांवर उगवत होतं. चहाच्या व्यापारातली चीनची मक्तेदारी मोडण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञाला तिकडे धाडलं. परदेशी माणसांना देशाच्या अंतर्भागात मज्जाव होता. फॉर्च्युनने डोकं भादरलं, वेणी लावली, चिनी पोशाख चढवला आणि थेट चहाच्या कारखान्यांत शिरला.

हिरवा आणि काळा चहा वेगवेगळ्या झुडपांचा, ही युरोपातली समजूत तिथे खोटी ठरली. झुडूप एकच, फरक प्रक्रियेचा. काळ्या चहासाठी पानं चुरगळून हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊ देतात. हिरव्यासाठी पानं आधीच तापवून तो संयोग थांबवतात.

रोपं समुद्रापार भारतात नेण्यासाठी वापरली ती काचेची बंद ‘वॉर्डियन पेटी’. पानांतून निघालेली वाफ काचेवर थंडावते आणि थेंब होऊन मातीत परतते. त्यामुळे वरून पाणी घालावं लागत नाही, खारा वाराही लागत नाही. तरी सुरुवातीची बरीच रोपं मेली. मग फॉर्च्युनने पेटीतल्या मातीतच बिया पेरल्या. त्या वाटेत रुजल्या. सोबत त्याने चिनी कारागीरही आणले, कारण हातातलं कसब पेटीत मावत नाही.

पुढे भारतातले बहुतेक मळे आसामच्या देशी वाणाने व्यापले. दार्जिलिंगमध्ये मात्र चिनी वाणाची झुडपं आजही आहेत.