शहराची हद्द आणि आपली गणती

शाळेत असताना शहरांच्या लोकसंख्येचा तक्ता आम्हीही पाठ केला होता. पहिला क्रमांक मुंबई, मग पुणे, मग नागपूर, अशी ती उतरंड होती. आकडे चुकले की छडी बसायची. पण हा आकडा येतो कुठून, तो लहानमोठा कशाने होतो आणि झाला तर कुणाचे काय बिघडते, हे आम्हाला कुणी सांगितले नाही. नळाला पाणी किती येणार, वस्तीत नाली होणार की नाही, नगरसेवकाच्या राखीव जागा किती निघणार, या साऱ्याचा हिशेब त्या एका आकड्यावर मांडला जातो. चळवळीच्या माणसाने तो आकडा उलटून पालटून पाहिला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आपल्या विदर्भाचेच उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेत नागपूर महापालिकेची लोकसंख्या २४ लाख ५ हजार भरली. दुसऱ्या क्रमांकावर अमरावती, सुमारे साडेसहा लाख. तिसरे अकोला, सव्वाचार लाख. चौथे चंद्रपूर, ३ लाख २० हजार. त्यानंतर मोठी दरी आहे. पाचवे शहर गोंदिया आणि त्याची लोकसंख्या १ लाख ३३ हजार. त्याखाली यवतमाळ, अचलपूर, वर्धा आणि हिंगणघाट. अकरा जिल्ह्यांच्या या प्रदेशात एक लाखावर लोकसंख्येच्या नगरपालिका आणि महापालिका अवघ्या नऊ. बुलढाणा जिल्ह्याचे ठाणे असूनही ६७ हजारांवर, आणि त्याच जिल्ह्यातले खामगाव ९४ हजारांवर. नागपूर जिल्ह्यातले शंभरातले ६८ लोक शहरी, तर गडचिरोली जिल्ह्यातले फक्त ११.

पहिले शहर दुसऱ्याच्या जवळजवळ चौपट आहे, याचा अर्थ मोठे दवाखाने, कॉलेजे आणि कारखाने एका ठिकाणी गोळा झाले आहेत. सडक अर्जुनीच्या किंवा सिरोंच्याच्या पोराला शिकायचे असो की आजारी बापाला दाखवायचे असो, वाट नागपूरचीच. मधल्या आकाराची शहरे उभीच राहिली नाहीत. विदर्भाच्या मागासलेपणावर भाषणे पुष्कळ झाली. हा तक्ता समोर ठेवून मात्र फार थोडे बोलले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९६५ च्या महाराष्ट्र नगर परिषद कायद्याप्रमाणे एक लाखावर लोकसंख्या गेली की नगर परिषद 'अ' वर्गात जाते. चाळीस हजार ते एक लाख 'ब' वर्ग, त्याखाली 'क' वर्ग. तीन लाखांच्या वर गेले की महापालिकेचा दरवाजा उघडतो. चंद्रपूरची महापालिका २०११ साली झाली ती या आकड्यावर. वर्ग बदलला की अधिकाऱ्याचा दर्जा, कर्मचारी, सभासदांची संख्या, सगळेच बदलते. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांचे अनुदान राज्याराज्यांत वाटताना ९० टक्के भार लोकसंख्येला दिला, १० टक्के क्षेत्रफळाला. दहा लाखांवरच्या शहरांचा हिस्सा त्याने वेगळा काढला आणि त्यात विदर्भातून एकटे नागपूर बसले. म्हणजे माणसे मोजली गेली तर पैसा, नाही तर नाही.

इथे एक गंमत आहे, आणि ती गंमत आपल्या अंगाशी येणारी आहे. वर्धा शहराची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १ लाख ११ हजार होती. २०११ मध्ये ती १ लाख ६ हजार झाली. यवतमाळ १ लाख २० हजारांवरून १ लाख १६ हजारांवर आले. दहा वर्षांत शहरे घटली? वर्ध्यात जाऊन पाहा, घरे वाढलेलीच दिसतील. ती वाढली नगर परिषदेच्या रेषेबाहेर. सिंदी मेघे, पिपरी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे, नालवाडी ही वर्ध्याला चिकटलेली गावे २०११ च्या गणनेत ग्रामपंचायतीच होती. यवतमाळला वडगाव, उमरसरा, लोहारा, वाघापूर यांची तीच गत होती. ही गावे पुढे यवतमाळच्या हद्दीत आली. शहर घटले नव्हते. शहर रेषेबाहेर सांडले होते आणि कागद रेषेच्या आतले मोजत बसला होता.

जनगणनेच्या खात्याला हे कळत नाही असे नाही. ज्या गावाची वस्ती पाच हजारांवर आहे, जिथे मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर कमावतात आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे राहतात, त्याला ते खाते 'जनगणना नगर' म्हणते. दिल्लीच्या पुस्तकात ते गाव शहर होते. मुंबईच्या मंत्रालयात मात्र ते गावच राहते, ग्रामसेवकाच्या हाती. एकाच वस्तीला दोन नावे, आणि सोय दोन्हींपैकी एकाचीही धड नाही.

या रेषेबाहेर कोण राहते? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याची जी चिरफाड केली ती आमच्या वाचकांना ठाऊक आहे. खेड्यात वेशीबाहेर राहणाऱ्या समाजाने ते शब्द काळजात ठेवले आणि शहराची वाट धरली. त्याआधीही १८७७ पासून नागपूरच्या एम्प्रेस मिलने आपल्या बापजाद्यांना मजुरी दिली होती. कामठीच्या विडी कामगारांतून बाबू हरदास एल. एन. यांच्यासारखा नेता उभा राहिला आणि १९३७ साली विधिमंडळात गेला. १९५६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी १४ तारखेला नागपूरला आणि १६ तारखेला चंद्रपूरला दीक्षा दिली, तीही शहरांतच. शहराने आपल्याला माणूस म्हणून उभे राहायला जागा दिली, हे मान्य केले पाहिजे.

पण आज शहरातली जागा कुणाला परवडते? गिरण्या बसल्या, भाडे वाढले. शेतमजुरी सोडून आलेला माणूस शहराच्या मध्यभागी खोली घेऊ शकत नाही. तो एनए न झालेल्या लेआउटमध्ये, कुणाच्या पडीक शेतात, नाल्याच्या काठी, शहराच्या हद्दीच्या पलीकडे दोन पत्रे टाकतो. गावाची वेस सोडून आला आणि शहराच्या वेशीबाहेर बसला. वेस बदलली, आपली जागा तीच राहिली.

असा एक रस्ता आम्ही पाहिला आहे. गावाचे नाव देत नाही, कारण असे रस्ते जिल्ह्याजिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. डांबरी रस्त्याच्या डाव्या बाजूला नगर परिषदेची हद्द, तिकडे नळ, पथदिवे, सकाळी घंटागाडी. उजव्या बाजूला ग्रामपंचायत, तिकडे पंचशील झेंडा, छोटे विहार, एक हापसा आणि उघडी नाली. उजवीकडच्या बाया डावीकडच्या घरी धुणीभांडी करतात. डावीकडच्या नळाचे पाणी कॅनमध्ये भरून घरी आणतात. नगर परिषदेत गेले की साहेब म्हणतात, तुम्ही आमच्या हद्दीत नाही. जिल्हा परिषदेत गेले की साहेब म्हणतात, ती तर शहराची वस्ती. एका म्हाताऱ्या बाईने आम्हाला विचारले, "भाऊ, मत मागायला येतात तवा आमी कोणाचे असतो?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आता राखीव जागांचा हिशेब. घटनेच्या २४३-टी कलमाने नगर परिषदेत अनुसूचित जातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवाव्या लागतात. नागपूर महापालिकेच्या १५१ जागा आहेत आणि तिथे जवळजवळ पाचातला एक माणूस अनुसूचित जातीचा आहे. म्हणून तिथे आपला आवाज दिसतो. पण जिथे आपल्या वस्त्या रेषेबाहेर टाकल्या, तिथे शहरातले आपले प्रमाण घटते आणि जागाही घटतात. हद्द आखणारा माणूस नकाशावर रेघ ओढतो तेव्हा तो जागाही कापत असतो. हे कुणी जाणूनबुजून केले असे आम्ही प्रत्येक ठिकाणी म्हणणार नाही. पण परिणाम तोच होतो.

हद्द वाढवली की सारे सुटते, असेही समजू नये. २०१६ साली अकोला महापालिकेत भोवतालची २४ गावे आली आणि कागदावर शहर एकदम मोठे झाले. पण अशा गावांतल्या लोकांचा अनुभव विचारा. घरपट्टीची मागणी आधी येते, नळ मागाहून येतो. रोजगार हमीचे काम गावापुरते असते, ते सुटते. म्हणून हद्दवाढीला विरोध करणारा प्रत्येक गरीब माणूस अडाणी नसतो. आपली मागणी नुसती 'हद्दीत घ्या' अशी असून चालणार नाही. हद्दीत घेताना पाणी, नाली आणि पट्टे यांची तारीख लिहून द्या, आणि तोवर कराची सूट द्या, अशी ती असली पाहिजे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. हे सारे आकडे २०११ चे आहेत. २०२१ ची जनगणना कोरोनामुळे पुढे गेली आणि पुढे जातच राहिली. २०२५ च्या डिसेंबरात नगर परिषदांच्या आणि २०२६ च्या जानेवारीत महापालिकांच्या निवडणुका झाल्या, त्यांचे प्रभाग आणि राखीव जागा २०११ च्या लोकसंख्येवरच काढाव्या लागल्या. त्या साली जन्मलेले पोर आता दहावीच्या उंबरठ्यावर आहे. मधल्या काळात गाव सोडून शहरात आलेला प्रत्येक जण या हिशेबात अजून गावातच आहे. जून २०२५ मध्ये नव्या गणनेची अधिसूचना निघाली. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिवस आहे. गणनेसाठी गावाशहरांच्या हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला होत्या तशा गोठवल्या गेल्या. म्हणजे जी वस्ती त्या दिवशी रेषेबाहेर होती, ती या गणनेतही रेषेबाहेरच मोजली जाणार.

म्हणून निदान आतली नोंद तरी चुकू देऊ नका. २०११ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाख ३१ हजार होते. त्यातले सुमारे ५२ लाखच अनुसूचित जातीत मोजले गेले. उरलेले तेरा लाख कुठे गेले? ते बौद्ध म्हणून आहेत, पण राखीव जागांच्या आणि वस्तीच्या निधीच्या हिशेबात नाहीत. १९९० पासून केंद्राच्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. त्यासाठी धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यात यादीतली जात, असे दोन्ही लिहावे लागते. जात सोडली, मग तिचे नाव कशाला सांगू, असे म्हणणाऱ्यांचे दुःख आम्हाला कळते. आमच्या घरातही हा वाद झाला आहे. पण जिने आपल्याला बाहेर ठेवले ती व्यवस्था अजून संपलेली नाही. तिच्याशी लढण्याचे घटनेने दिलेले हत्यार नोंदीअभावी गंजू द्यायचे का, याचा विचार प्रत्येकाने करावा. आणि ज्यांची जात यादीत नाही, अशा बांधवांचीही या वेळी जातीने नोंद होणार आहे. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची गणना होत आहे.

विहारात, महिला मंडळात, युवक मंडळात बसून एवढे करा. आपली वस्ती नगर परिषदेत आहे की ग्रामपंचायतीत, ते आधी नक्की करा. वस्तीतली घरे स्वतः मोजून वहीत लिहा. भाड्याने राहणारे, कामावर बाहेर गेलेले, विटाभट्टीवर असलेले, कुणी सुटू देऊ नका. गणना करणारे मास्तर आले की रकाने वाचून दाखवायला सांगा आणि जे सांगितले तेच लिहिले का ते पाहा. आकडे प्रसिद्ध झाले की आपली वही शेजारी ठेवून ताळा करा. हद्दवाढीची मागणी तेव्हाच जोराने मांडता येईल, कारण हातात आपला आकडा असेल.

त्या म्हाताऱ्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर अजून द्यायचे आहे. ते मंत्रालय देईल म्हणून वाट पाहण्यात आपली एक पिढी गेली. आता वही आपणच काढू या.

जयभीम!