बोरघाट आणि वाट दाखवणारा शिंग्रोबा

लातूर एक्स्प्रेस पहाटे खंडाळा सोडून कर्जतकडे उतरू लागते, तेव्हा अख्खा डबा झोपेत असतो. रातराणीने मुंबई गाठणारेही बोरघाट असा डोळे मिटूनच ओलांडतात. हा घाट उजेडी पाहायचा तर खोपोलीत उतरावं आणि जुन्या रस्त्याने पायी चढावं.

हा चढ सायकलवाल्यांचा. मुंबई-पुणे शर्यतीचा निकाल पुण्यात लागतो, पण खरी पारख इथे होते. खोपोलीपासून जवळपास 500 मीटर चढून जो आधी खंडाळ्याच्या माथ्यावर पोचेल, तो ‘घाटाचा राजा’. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी, त्यामुळे सरावाची पोरं याच रस्त्यावर घाम गाळतात. फ्रान्समधल्या तूर्माले खिंडीत उन्हाळ्यात टूर द फ्रान्सचे सायकलपटू चढतात आणि हिवाळ्यात बर्फावरचं स्कीइंग चालतं. आपल्याकडे बर्फ नाही. पावसाळ्यात धबधबे असतात आणि राजमाचीकडे निघालेले ट्रेकर.

इंग्रजांनी 1830 मध्ये इथून गाडीरस्ता काढला, 1863 मध्ये रेल्वे नेली. दर 37 फुटांना 1 फूट चढ, म्हणून आजही गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. हे सगळं पुस्तकांत आहे. मला थांबवलं ते शिंग्रोबाने.

जुन्या रस्त्याच्या कडेला त्याचं मंदिर आहे. कथा अशी की, साहेबांना डोंगरातून वाट सापडेना. शिंग्रोबा धनगराच्या मेंढरांच्या पायाखालची होती. त्याने ती दाखवली. साहेब म्हणाले, बक्षीस माग. त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि त्याला गोळी घातली गेली. कागदोपत्री पुरावा मागणाऱ्यांनी खुशाल मागावा. माळेगावच्या यात्रेत खंडोबापुढे भंडारा उधळणारा आपला मेंढपाळ ही गोष्ट ऐकेल, तर त्याला ती परकी वाटणार नाही. डोंगर ज्याने पायांनी मोजला, त्याचं नाव नकाशावर येत नाही, हे त्याला सांगावं लागत नाही.

चहाच्या टपरीवरच्या मावशी म्हणाल्या, “ट्रकवाले गाडी थांबवत नाहीत, पण नाणं टाकल्याबिगर पुढं जात नाहीत.” थोड्या वेळाने एक ट्रक आला, खिडकीतून हात बाहेर आला आणि नाणं खणकन् पडलं.

रेल्वेचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुरा केला. तिचं नाव निदान सापडतं. सुरुंगांत आणि पटकीत हजारो मजूर मेले, त्यांची नावं कुठे शोधायची? 1830 चा अमृतांजन पूल एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा होता तेव्हा, पाडला. वाहतुकीची अडचण खरी होती, तरी त्याची एखादी कमान, एखादा दगड जपायला हवा होता. खोपोली-कुसगाव ‘मिसिंग लिंक’ची आखणी तर घाट टाळण्यासाठीच झाली. वेळ वाचेल, अपघात कमी होतील, ते हवंच आहे. पण मोकळ्या होणाऱ्या जुन्या रस्त्याचा एक पट्टा सायकलींसाठी राखावा आणि मंदिराजवळ मजुरांसाठी चार ओळींचा फलक लावावा, एवढं मागणं फार नाही.

जाणार असाल तर पावसाळा सरल्यावर जा. पुण्याहून लोकलने लोणावळा, तिथून एसटीने खोपोली. सकाळी लवकर निघा, वळणांवर डोंगराच्या बाजूने चाला आणि मुलं सोबत असतील तर शिंग्रोबाची गोष्ट मंदिरापाशी पोचल्यावरच सांगा.