चुंबकाचे कुंपण आणि परक्यांची तपासणी

१९६८ साली सायबेरियातील नोव्होसिबिर्स्क येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव्ह आर्त्सिमोविच यांनी एक आकडा मांडला. मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेतील ‘टी-३’ या यंत्रात इलेक्ट्रॉनांचे तापमान सुमारे एक कोटी अंशांवर गेल्याचे त्यांनी सांगितले. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा त्यावर विश्वास बसेना.

सूर्याप्रमाणे हायड्रोजनची अणुकेंद्रके एकत्र आणून ऊर्जा मिळवायची, तर वायू इतका तापवावा लागतो की इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटे होतात. हाच प्लाझ्मा. तो भांड्याच्या भिंतीला टेकला की तत्काळ निवतो. म्हणून त्याला चुंबकीय क्षेत्राचे कुंपण घालावे लागते. विद्युत्भारित कण बलरेषेला ओलांडून सहजी जाऊ शकत नाही. तो तिच्याभोवती गिरक्या घेत तिच्याच वाटेने पुढे सरकतो. नळी सरळ असेल तर तो टोकातून निसटतो. यास्तव नळी कड्यासारखी वाकवून टोकेच नाहीशी केली. मात्र येथे नवी अडचण उभी राहते. कड्याच्या आतल्या बाजूस क्षेत्र प्रबळ आणि बाहेरच्या बाजूस दुर्बळ असते. त्यामुळे इलेक्ट्रॉन एका दिशेला, म्हणजे वर किंवा खाली, तर धनभारित कण त्याच्या उलट सरकतात. भार विलग होतात आणि सारा प्लाझ्मा बाहेरच्या भिंतीकडे ढकलला जातो. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी प्लाझ्मातूनच मोठा विद्युत्प्रवाह सोडला. त्याच्या क्षेत्रामुळे बलरेषांना सुंभाच्या दोरासारखा पीळ बसला. आता प्रत्येक कण आळीपाळीने कड्याच्या वरच्या व खालच्या भागातून फिरतो आणि एकीकडे झालेली घसरण दुसरीकडे भरून निघते. या रचनेचे नाव टोकामाक.

शंका होती ती मोजमापाविषयी. सोव्हिएत पद्धत अप्रत्यक्ष होती. चार-दोन लक्षाधीशांमुळे साऱ्या गावाची सरासरी फुगावी, तसे मूठभर अतिवेगवान इलेक्ट्रॉन आकडा फुगवीत असतील, असा आक्षेप होता. आर्त्सिमोविच यांनी वाद घालण्याऐवजी ब्रिटनच्या कल्हम प्रयोगशाळेलाच तपासणीसाठी पाचारण केले. शीतयुद्धाच्या त्या काळात स्वतःच्या वह्या परक्याच्या हाती देण्यासारखेच हे धाडस होते.

सुमारे पाच टन उपकरणे घेऊन ब्रिटिश पथक मॉस्कोला गेले. त्यांनी रूबी लेसरचा झोत प्लाझ्मात सोडला. धावत्या इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, आणि तो किती पसरला यावरून बहुसंख्य इलेक्ट्रॉनांचा वेग थेट कळतो. नोव्हेंबर १९६९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला : सोव्हिएत आकडा खरा होता.

अमेरिकेतील प्रिन्स्टनने आपले मोठे यंत्र मोडून १९७० मध्ये त्याचाच टोकामाक केला. गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ हा भारतीय टोकामाक १९८९ मध्ये सुरू झाला. तथापि कुंपण अजून पक्के झालेले नाही. प्लाझ्मात उठणाऱ्या सूक्ष्म भोवऱ्यांबरोबर इलेक्ट्रॉनांची उष्णता साध्या गणितात बसते त्याहून कितीतरी वेगाने बाहेर झिरपते, आणि ती गळती रोखण्यासाठीच यंत्रांचा आकार वाढवीत न्यावा लागत आहे.