कंपवात आणि क्षीण होत जाणारा आवाज

कंपवात म्हटला की थरथरणारा हात डोळ्यांसमोर येतो. इंग्लंडमधील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या व्याधीवर निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातही कंपाचाच उल्लेख होता. तथापि बहुसंख्य रुग्णांचा आवाजही कालांतराने बदलतो आणि कुटुंबीय तो वार्धक्याचा परिणाम समजून सोडून देतात.

मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी क्रमाक्रमाने नष्ट झाल्याने स्नायूंच्या हालचाली मंदावतात. बोलण्यासाठी श्वास, स्वरतंतू, जीभ व ओठ यांचा मेळ लागतो. तो बिघडला की आवाज क्षीण, सपाट व घोगरा होतो. रुग्णाला मात्र तो पूर्वीसारखाच वाटतो. ‘तुम्हालाच ऐकू येत नाही,’ असे वाद घडतात. आयुष्यभर फोनवर सौदे करणारी व्यक्ती पेढीच्या व्यवहारातून नकळत बाजूला पडते.

या आवाजाचे मोजमाप करता येते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील त्सानास व लिटल या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील ४२ रुग्णांच्या नोंदी होत्या. सहा महिने त्यांनी घरीच यंत्रासमोर ‘आ’ हा स्वर लांबवला. सुमारे ५,९०० ध्वनिमुद्रणांतील सूक्ष्म अस्थिरता व खरखर संगणकाने मोजली. १७६ गुणांच्या मापनश्रेणीवर त्याचा अंदाज व तज्ज्ञांचे मूल्यमापन यांत सरासरी साडेसात गुणांचे अंतर होते. पासबुकातील एकट्या नोंदीवरून खात्याची स्थिती कळत नाही. सलग नोंदींतून कल कळतो. येथेही तसेच आहे.

सर्दी, थकवा किंवा नवी कवळी यांनीही आवाज बदलतो. म्हणून निदान मेंदूविकारतज्ज्ञांनीच करावयाचे असते. उपायही आहेत. ‘ली सिल्व्हरमन’ पद्धतीत चार आठवडे, आठवड्यातून चार दिवस, रोज एक तास मोठ्याने बोलण्याचा सराव तज्ज्ञ करवून घेतात.

भाषासमिती मोजके व हितकर बोलण्यास शिकवते. परंतु व्रत म्हणून स्वीकारलेले मौन आणि व्याधीने लादलेले मौन यांत मोठे अंतर आहे. ज्येष्ठांचा णमोकार मंत्राचा स्वर घरात नित्य कानी पडतो. काही महिन्यांत तो खोल गेल्याचे जाणवल्यास वय म्हणून दुर्लक्ष न करता तज्ज्ञांचा सल्ला घेणे, हेच कुटुंबीयांचे कर्तव्य ठरते.