अवचित हिमवृष्टि व वनसृष्टि

महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं कडक थंडींत गवतावरचें दंव कधीं कधीं गोठतें, आणि तें पाहावयास लोक पहाटे धांवतात. आपल्या प्रांतांत हिमाची ओळख ती एवढीच. त्यामुळें बर्फ म्हटलें कीं शुभ्र, मऊ व निरुपद्रवी असें कांहीं तरी डोळ्यांपुढें उभें राहतें. पण तें जड असतें, ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं.

ताज्या, भुसभुशीत बर्फाचें वजन पाण्याच्या सुमारें एक-दशांश धरूं. त्याचा 50 सेंटीमीटर जाडीचा थर साचला तर दर चौरस मीटरावर 50 किलोग्रॅम भार पडतो. बर्फ ओलसर असेल तर भार पुष्कळच वाढतो. आतां विस्तीर्ण माथ्याच्या झाडाचें काय होत असेल, याचा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतःच करावा.

स्पेनची राजधानी माद्रिद येथें हा हिशेब इ. स. 2021 च्या जानेवारींत प्रत्यक्ष दिसला. 'फिलोमेना' नांवाच्या वादळांत 8 व 9 तारखेस तेथें कित्येक ठिकाणीं अर्धा मीटर बर्फ सांचलें. पन्नास वर्षांत असें झालें नव्हतें. शहराच्या पश्चिमेस कासा दे काम्पो हें विस्तीर्ण रान आहे. पूर्वीं तें राजाचें शिकारीचें रान होतें. तेथील सदाहरित ओक व छत्रीच्या आकाराचे पाइन यांच्या फांद्या कडाकड मोडल्या, कित्येक झाडें उभीं चिरलीं. मागून आलेल्या कडाक्यामुळें बर्फ लौकर वितळेना. शहरांतील लाखों झाडांस इजा पोंचली. पानगळीच्या झाडांचा बचाव पुष्कळ अधिक झाला, कारण त्यांच्या उघड्या फांद्यांवर बर्फास बसावयास फारशी जागाच नव्हती.

हिमाच्या देशांतील फर व स्प्रूस हे वृक्ष निमुळते असतात. त्यांच्या फांद्या लवतात आणि बर्फ घसरून जातें. माद्रिदचीं झाडें उन्हाळ्यांतील अवर्षणास तोंड देण्यासाठीं घडलेलीं. त्यांस दुर्बल म्हणणें मला तरी अन्यायाचें वाटतें. मोडलेल्या ओकास पुन्हां धुमारे फुटतात. छत्रीपाइनास ते फुटत नाहींत. शिवाय पाइनचें मोडकें लांकूड तसेंच राहिलें तर सालीखालचे भुंगेरे त्यांत माजतात व धडधाकट झाडांवरहि जातात.

झाड भारानें मोडतें. प्राणी मात्र बहुधा उपासानें मरतो. इंग्लंडांतील 1962-63 चा हिवाळा याची साक्ष देतो. 26 डिसेंबरास बर्फ पडूं लागलें, तें पुष्कळ भागांत मार्चच्या आरंभापर्यंत हटलें नाहीं. शेतउंदरांस अशा बर्फाचा फारसा जाच नसतो. त्यांत हवा अडकलेली असल्यानें तें गोधडीचें काम करतें, व खालीं बोगदे करून ते गवत खात राहतात. वर गव्हाणी घुबड मात्र भुकेलें बसतें!

रेन पक्ष्याचें वजन जेमतेम नऊ-दहा ग्रॅम. किडे व कोळी हें त्याचें अन्न. एवढ्याशा देहांतली ऊब लौकर निघून जाते, म्हणून थंडींत हे पक्षी एकाच ढोलींत दाटीनें झोपतात. पुढें 1969 सालीं नॉर्फक परगण्यांत पक्ष्यांसाठीं टांगलेल्या एका पेटींत 61 रेन मोजले गेले. तरीहि त्या दीर्घ हिवाळ्यांत सुमारें तीन-चतुर्थांश रेन नाहींसे झाले. आपल्या ओढ्यांवर दिसणारा लहान निळा खंड्या तिकडेहि राहतो. नद्या गोठतांच त्याचे मासे बर्फाखालीं गेले, आणि तोहि विरळा झाला.

सर्वांत बिकट अवस्था डार्टफर्ड वॉर्ब्लर या चिमुकल्या पक्ष्याची झाली. तो दक्षिण इंग्लंडांतील कांटेरी झुडपांच्या माळांवर राहतो आणि हिवाळ्यांतहि तेथून हलत नाहीं. 1961 सालीं त्याचीं सुमारें 450 जोडपीं होतीं. लागोपाठ दोन कडक हिवाळ्यांनंतर, 1963 सालीं, सुमारें दहा उरलीं.

रेन बागेंत, कुंपणांत, रानांत कोठेंहि घर करतो व वर्षांतून दोनदां पिलें काढतो. त्यामुळें दहा-बारा वर्षांत तो तेथील अत्यंत विपुल पक्ष्यांत पुन्हां गणला जाऊं लागला. वॉर्ब्लरलाहि पिलें थोडीं होत नाहींत. पण त्याचा माळच शेतांनीं व घरांनीं तोडून तुकडे तुकडे केलेला. 1994 सालच्या गणनेंत त्याचीं सोळाशेंहून अधिक जोडपीं आढळलीं, आणि तीं बहुतांशीं त्या दहांचाच वंशविस्तार.