जागा कोणी सोडायची?

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक जगापुढे ठेवला. अमेरिकी महासंगणक मिळवताना आलेल्या अडवणुकीतून १९८८ मध्ये ही संस्था उभी राहिली. तिचे पहिले सूत्रधार डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. गाजावाजा झाला तो परमच्या वेगाचा. पण त्याच्या टी-८०० ट्रान्सप्युटर चिपवर वेगवान मेमरी होती अवघी ४ किलोबाइट, आणि तिच्यात काय ठेवायचे ते प्रोग्रॅमर आणि कंपायलर ठरवत. पुढे ‘परम ८६००’साठी जोडीला इंटेलचा आय-८६० प्रोसेसर आला. त्याच्यावर ८ किलोबाइटची डेटा कॅश, म्हणजे प्रोसेसरलगतची वेगवान मेमरी, होती. आता निवड चिप स्वतःच करू लागली.

कॅशच्या कल्पनेचा उगम केंब्रिजमध्ये सापडतो. मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये ‘स्लेव्ह मेमरी’ या नावाने ती मांडली. १९६८ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम ३६०/८५ या संगणकात ती बाजारात उतरली. गरज साधी होती. प्रोसेसरला हवा असलेला आकडा पहिल्या पातळीच्या कॅशमधून चिपच्या घड्याळाच्या चार-पाच ठोक्यांत मिळतो. मुख्य मेमरीपर्यंत जावे लागले तर शेकडो ठोके वाया जातात. कॅश मोठी केली की ती मंदावते, म्हणून पातळ्या कराव्या लागतात. दौलताबादला अंबरकोटाच्या आत महाकोट आणि त्याच्या आत काळाकोट आहे. बालेकिल्ल्याकडे सरकावे तसा घेर आटत जातो. कॅशच्या तीन पातळ्यांची रचनाही तशीच आहे. सर्वांत आतली, प्रोसेसरला चिकटलेली कॅश बहुधा ३२ किंवा ४८ किलोबाइटची असते, तर बाहेरची कित्येक मेगाबाइटची.

कॅश भरते कशी? प्रोसेसरने एक आकडा मागितला आणि तो कॅशमध्ये नसला, तर एकटा आकडा येत नाही. शेजाऱ्यांसह ६४ बाइटची अख्खी ‘लाइन’ येते. आज एक मागितला तर उद्या शेजारचा लागेल, हा त्यामागचा अंदाज. लाइन कुठे बसणार तेही पत्त्यावरूनच ठरते. ३२ किलोबाइटच्या, आठ-मार्गी कॅशमध्ये ६४ संच असतात आणि प्रत्येक संचात आठ जागा. पत्त्यातले शेवटचे सहा बिट लाइनमधला नेमका बाइट दाखवतात, त्याआधीचे सहा संच क्रमांक सांगतात आणि उरलेला भाग ओळखचिठ्ठी म्हणून लाइनसोबत जपला जातो.

आठही जागा भरल्या की खरा पेच सुरू होतो: नवव्यासाठी कोणी उठायचे? ज्याची गरज सर्वांत उशिरा पडेल त्याला काढावे, हे आदर्श उत्तर लास्लो बेलेडी यांनी १९६६ मध्ये दिले. पण त्यासाठी भविष्य ठाऊक हवे. म्हणून चिप भूतकाळ पाहते आणि बराच वेळ कोणी न विचारलेल्या लाइनला उठवते. आठ जणांचा नेमका क्रम लक्षात ठेवणे महाग पडते. त्यामुळे अनेक चिप सात बिटांच्या झाडावर भागवतात: प्रत्येक फाट्यावरचा बिट ‘जुना बहुधा इकडे’ एवढेच सांगतो. उठणाऱ्या लाइनमध्ये बदल झालेला असेल, तर आधी तो बाहेरच्या पातळीला कळवावा लागतो. नसेल तर ती सरळ पुसली जाते.

निवड चिपकडे गेली म्हणून प्रोग्रॅमर सुटला असे मात्र नाही. सी भाषेत ५१२ ओळी आणि ५१२ स्तंभांचा तक्ता घ्या. त्यातली प्रत्येक संख्या ८ बाइटची, म्हणजे एक आडवी ओळ ४,०९६ बाइटची. हा तक्ता स्तंभाने खाली वाचत गेलात तर प्रत्येक पायरीला संच क्रमांक तोच येतो, कारण ६४ संच गुणिले ६४ बाइट म्हणजे नेमके ४,०९६. नववी ओळ आली की आधीच्यांपैकी एकीला उठावे लागते. पुढच्या स्तंभासाठी पहिल्या ओळीकडे परतावे, तोवर तिची लाइन गेलेली असते. बाकीचे ६३ संच रिकामे असले तरी उपयोग नाही. शक्य तिथे तक्ता आडवा वाचणे हा पहिला उपाय. उभाच वाचायचा असेल, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी आठ निरुपयोगी संख्यांची जागा सोडायची. मग ओळीची लांबी ४,१६० बाइट होते, पुढची ओळ पुढच्या संचात जाते आणि ५१२ लाइन ६४ संचांत आठ-आठ अशा बसतात. चार किलोबाइट हाताने सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमरचा हिशेब आजही करावाच लागतो.